आजीला आधी बोलतं करा

धुळ्यात देवपूरला राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. सासर-माहेर दोन्ही साक्री तालुक्यातलं. घरात सासूबाई फक्त अहिराणी बोलतात, नवरा-बायको अहिराणी आणि मराठी मिसळून. मोठा मुलगा सहा वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीत. बाईंनी मराठीची वही समोर ठेवून सांगितलं, की घरातली अहिराणी बंद करा, तिच्यामुळे याचं मराठी बिघडतंय आणि इंग्रजीही डोक्यात शिरत नाही. तेव्हापासून आजीला नातवाशी ‘चांगलं’ बोलायला सांगितलंय, आणि आजी त्याच्याशी बोलायचीच कमी झाली आहे. धाकटी दोन वर्षांची, तिचे शब्द अजून थोडे आहेत. तीन भाषांनी मूल गोंधळतं का, मोबाइलवर इंग्रजी कार्टून लावलं तर फायदा होतो का, माध्यम बदलावं का, हे बाकीचे प्रश्न त्याच काळजीच्या पोटातले.

ताई, सगळ्यात आधी आजीला पुन्हा बोलतं करा. आजच. माझं बाकीचं उत्तर वाचून संपायच्या आधी हे केलंत तरी चालेल. मी 9 वर्षं नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवलं आणि त्यानंतर 18 वर्षं शिक्षकांना भाषा शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं. माझ्या स्वतःच्या घरी अहिराणीच होती. या सगळ्या वर्षांत घरची बोली बंद केल्यामुळे एखाद्या मुलाचं मराठी किंवा इंग्रजी सुधारलं, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. मूल गप्प झालेलं मात्र पुष्कळदा पाहिलंय.

त्या वहीतल्या चुका तुम्ही उतरवून पाठवल्यात ते फार बरं केलंत, कारण अर्धं उत्तर त्यांच्यातच आहे. तुमच्या मुलाने ‘फळा’ऐवजी ‘फया’ लिहिलंय. ‘शाळेत’ऐवजी ‘शाळेमा’. ‘मला भूक लागनी’. आणि बाईंनी ज्याच्यावर लाल पेनाने दोनदा गोल केलाय ते वाक्य, ‘गाळ दूध देते’. या चारही चुका मी शांतपणे वाचल्या आणि मला तुमच्या मुलाचं कौतुक वाटलं.

कारण सांगते. अहिराणीत मराठीचा ‘ळ’ बहुतेक ठिकाणी ‘य’ होतो. शाळा ती शाया, डोळा तो डोया, कळण्याची भाकरी ती कयनानी भाकर. मराठीत जिथे ‘घरात’ म्हणतो तिथे अहिराणीत ‘घरमा’. ‘मला’चं ‘माले’. ‘लागली’चं ‘लागनी’. ‘आहे’चं ‘शे’. ‘मी शायामा जास’ यातला ‘जास’ मराठी क्रियापदांच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही, कारण तो दुसऱ्या तक्त्यातला आहे. मनी माय, रामना बैल, गावनं पाणी यांतला ना-नी-नं आणि घरमामधला ‘मा’ ऐकताना गुजराती आठवते, आणि ‘शे’ ऐकतानाही. म्हणजे ही मोडकीतोडकी मराठी नाही, हिला स्वतःचं व्याकरण आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या 1907 साली निघालेल्या भागात खानदेशीची, म्हणजे आपल्या अहिराणीची, मांडणी भिली भाषांच्या शेजारी केली आहे. 2011 च्या जनगणनेतही खानदेशी मराठीत न मिळवता वेगळी मोजली आहे आणि ती मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे 18 लाख 60 हजार लोक आहेत. धुळे-जळगाव-नंदुरबारकडे नुसतं बघितलं तरी कळतं, की प्रत्यक्ष बोलणारे याहून बरेच जास्त असणार. विचारणाऱ्यापुढे ‘मराठी’ सांगून टाकायची आपल्याला सवय आहे.

आता ‘गाळ दूध देते’ घेऊ. मुलाच्या लक्षात आलंय, की मी घरी जिथे ‘य’ म्हणतो तिथे शाळेत ‘ळ’ लागतो. शाया-शाळा, फया-फळा, काया-काळा. हा नियम त्याला कोणी शिकवलेला नाही, त्याने स्वतः शोधून काढलाय. मग ‘गाय’ आली. त्याने तोच नियम लावला आणि गायीची गाळ झाली. नियम बरोबर, फक्त एका घरापुढे गेला. लहान मूल ‘मी करलं’ म्हणतं तेव्हा जे होतं तेच इथे झालंय.

दुसऱ्या भाषेच्या अभ्यासाचं शास्त्र ज्या टप्प्यावर उभं राहिलं तो टप्पा नेमका हाच आहे. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलं, की शिकणाऱ्याची चूक म्हणजे खोडून टाकायचा कचरा नव्हे. तो आत्ता कोणत्या नियमाने चाललाय, हे शिक्षकाला सांगणारा तो पुरावा असतो. 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी त्या अधल्यामधल्या अवस्थेला नाव दिलं. मी मराठीत तिला ‘मधली भाषा’ म्हणते. मधली भाषा घरच्या भाषेसारखीही नसते आणि शिकायच्या भाषेसारखीही नसते. पण तिला स्वतःचे नियम असतात आणि ती दर महिन्याला बदलत असते. ‘शाळेमा’ हे तिचं सुंदर उदाहरण आहे: शब्द मराठी झाला, सामान्यरूपसुद्धा मराठी झालं, प्रत्यय तेवढा अजून घरचा आहे. या मुलाचं मराठी बिघडत नाहीये. ते येतंय, आणि येताना असंच दिसतं.

‘ळ’चं म्हणाल तर तो कानाचा प्रश्न आहे. जॅनेट वर्कर या कॅनडातल्या संशोधिकेने 1984 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते, कारण त्यात आपल्याकडचेच आवाज आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या 6 ते 8 महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ वेगवेगळे ऐकू येतात. तीच बाळं 10 ते 12 महिन्यांची झाली, की तो फरक पकडणं त्यांना जड जातं, कारण घरात त्याचा उपयोग नसतो. कान घरच्या आवाजांना जुळवून घेतो. जुळवून घेतलेला कान पुन्हा उघडता येतो, फक्त त्याला फरक नीट ऐकवावा लागतो. माझ्या वर्गात मी ‘माळ’ आणि ‘माय’ हा खेळ खेळायचे. मी शब्द म्हणायचा, मुलांनी ‘माळ’ ऐकलं तर गळ्याला हात लावायचा, ‘माय’ ऐकलं तर स्वतःला मिठी मारायची. मग ‘गाळ’ आणि ‘गाय’, ‘काळा’ आणि ‘काया’. दिवसाला पाच मिनिटं, दोन-तीन आठवडे. आधी ऐकणं, नंतर म्हणणं, लिहिणं सगळ्यात शेवटी. तुम्ही घरी करून बघा. आजीलाही खेळात घ्या. तिला कदाचित दोन्ही ‘माय’च ऐकू येतील, आणि नातू तिला शिकवेल. त्याने शिकवलं की त्याचं पक्कं होईल.

दोन भाषांनी मूल गोंधळतं, ही समजूत आली कुठून हेही सांगते, कारण तुमच्या बाईंनी ती मनाने काढलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रच असं म्हणत होतं. वेल्समध्ये डी. जे. सेअर यांनी 1923 मध्ये बुद्धिचाचण्या घेऊन सांगितलं, की वेल्श आणि इंग्रजी दोन्ही बोलणारी मुलं मागे पडतात. त्यांच्याच आकड्यांत शहरातल्या मुलांमध्ये असा फरक दिसत नव्हता, खेड्यातल्या मुलांमध्येच दिसत होता. म्हणजे मोजला जात होता तो बहुधा खेड्याचा आणि शहराचा फरक, त्या चाचण्यांच्या भाषेचा फरक. मग 1962 मध्ये मॉन्ट्रियलला एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांची मुलं घेतली, घरची परिस्थिती सारखी ठेवून जोड्या लावल्या, आणि निकाल उलटा आला. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चांगल्या येणारी मुलं पुढे होती. तिथून शास्त्राची दिशा फिरली. शिक्षकांपर्यंत मात्र आजही जुनाच निकाल फिरतो आहे.

पण मी तुम्हाला दुसऱ्या टोकालाही नेणार नाही. ‘दोन भाषा येणारा मेंदू जास्त हुशार’ असं हल्ली व्हॉट्सअॅपवर खूप फिरतं. लक्ष एकाग्र करण्यात द्विभाषिक मुलं सरस ठरतात असे प्रयोग एलेन बायलस्टॉक यांनी अनेक वर्षं केले. नंतर केनेथ पाप आणि इतरांनी मोठ्या संख्येवर तेच तपासलं, तेव्हा तो फायदा बऱ्याच वेळा सापडलाच नाही, आणि हा वाद अजून चालू आहे. आपल्या देशातलं एक काम मला यात महत्त्वाचं वाटतं. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा लेख 2013 मध्ये आला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली दिसली, आणि कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही तो फरक दिसला. यावरही उलटसुलट चर्चा आहे. म्हणून अहिराणी मेंदूच्या टॉनिकसारखी पाजा, असं मी म्हणत नाही. घरची भाषा राखायची ती वेगळ्या आणि जास्त भक्कम कारणासाठी.

ते कारण मला पुस्तकाआधी वर्गात कळलं. अक्राणीच्या त्या पाड्यावर पहिलीत एक मुलगा होता. घरी पावरी ही आदिवासी बोली. मी मराठी. चार महिने तो एक शब्द बोलला नाही. पाटीवर रेघा ओढायचा, जेवणाची ताटली धुवायचा, निघून जायचा. मी शेऱ्यात ‘मंद’ असं लिहिलं होतं. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते. एक दिवस वर्गात शेळी शिरली, पुस्तक खाऊन गेली. मी बाहेर होते. परत आले तर तो मुलगा उभा राहून बाकीच्यांना ती सगळी हकीकत सांगत होता. शेळी कुठून आली, आधी काय हुंगलं, कोणाचं पुस्तक, मग काय झालं. हातवारे, आवाजाचे चढउतार, आणि तीस मुलं तोंड उघडी टाकून ऐकत होती. मला एक शब्द कळत नव्हता. पण हे कळलं, की याला क्रम माहीत आहे, कारण माहीत आहे, गोष्ट कुठे थांबवायची हेही माहीत आहे. याच्याकडे नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझी भाषा.

त्या दिवसापासून मी चौथीतल्या एका मुलीला दुभाषी केलं आणि रोज पाच पावरी शब्द शिकू लागले. अक्कलकुव्याकडच्या शाळांत तर याहून साधं उदाहरण आहे. तिथे भिली बोलणारं मूल याहा मोगी देवीच्या जत्रेला जातं. त्याला ‘याहा’ म्हणजे आई हे पाळण्यातच कळलेलं असतं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘आई’ असते, खाली साडी नेसलेल्या बाईचं चित्र असतं, आणि त्याला वाटतं ही कुणी दुसरीच बाई आहे. शिक्षकाने एकदा ‘आई म्हणजे याहा’ म्हटलं, की ते पान त्याचं होतं.

पुढे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांचं काम वाचलं तेव्हा त्या शेळीच्या दिवसाला शास्त्रातलं नाव मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की वरवर दोन भाषा वेगळ्या दिसल्या तरी विचार मांडण्याची, कारण देण्याची, वाचून अर्थ लावण्याची ताकद खाली एकच असते. तुम्ही साक्रीकडच्या, म्हणून पांझरा नदीवरच्या फडाचं, म्हणजे एकाच पाटावर भिजणाऱ्या शेतांच्या गटांचं, उदाहरण देते. बंधारा एक, त्यातून निघणारा पाट एक, आणि पाणी पाळीपाळीने सगळ्या फडांना. बंधाऱ्यात पाणी चढलं तर ते उसालाही मिळतं आणि भातालाही. अहिराणीत मूल जे समजून घेतं त्याने बंधारा भरतो. मराठी आणि इंग्रजीचे फड भिजायचे ते त्याच पाण्यावर. अहिराणी बंद करून मराठीला जास्त मिळेल असं वाटणं म्हणजे नदी अडवायची सोडून पाटावर भांडण्यासारखं आहे.

कमिन्स यांची दुसरी गोष्ट पालकांना फार उपयोगी पडते. टोरांटोतल्या स्थलांतरित मुलांच्या आकड्यांवरून त्यांनी 1981 मध्ये दाखवलं, की खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा वयाच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. अभ्यासाची भाषा म्हणजे ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘तुलनेत’, ‘जर-तर’ यांची भाषा. म्हणजे तुमचा मुलगा तिसरीत गेल्यावर फाडफाड इंग्रजी बोलेल, पाहुणे खूश होतील, आणि तरीही विज्ञानाचा धडा त्याला कळत नसेल. तेव्हा कोणीतरी म्हणेल, हुशार आहे पण अभ्यास करत नाही. तसं म्हणू देऊ नका. अजून त्याची वर्षं भरायची आहेत.

ओडिशात अजित मोहंती यांनी कंध आदिवासी मुलांवर अनेक वर्षं काम केलं. तिथे निसर्गानेच प्रयोग मांडून ठेवला होता. समाज एकच, पण काही भागात लोक कुई आणि उडिया दोन्ही बोलतात, काही भागात कुई सुटून उडिया उरली आहे. तर कुई राखून उडिया शिकलेली मुलं एकभाषिक झालेल्या कंध मुलांपेक्षा चाचण्यांत पुढे होती. नायजेरियात इफे इथे 1970 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात मुलांना सहा वर्षं योरुबातून सगळे विषय शिकवले आणि इंग्रजी एक विषय म्हणून नीट शिकवली. ती मुलं इतर विषयांत पुढे गेली आणि इंग्रजीतही मागे राहिली नाहीत.

यावर एक शहाणा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कॅनडात इंग्रजी घरची मुलं पहिल्या दिवसापासून फ्रेंच शाळेत घालतात आणि ती छान शिकतात, मग आपली का नाही? खरं आहे. 1965 मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये पालकांच्या आग्रहाने ते वर्ग सुरू झाले आणि गाजले. पण नीट बघा. त्या मुलांची घरची भाषा इंग्रजी. ती दुकानात आहे, टीव्हीवर आहे, नोकरीत आहे, तिला कोणी गावंढळ म्हणत नाही. शिक्षिकेला मुलांची इंग्रजी कळते. वर्गातली सगळीच मुलं फ्रेंचमध्ये सारखी कोरी. पालक वाचणारे, घरी पुस्तकं. वर आलेल्या वॉलेस लॅम्बर्ट यांनीच पुढे फरक सांगितला: एकीकडे पहिल्या भाषेत दुसरी मिळवली जाते, दुसरीकडे पहिली काढून दुसरी ठेवली जाते. बेरीज आणि वजाबाकी. तुमच्या बाईंनी जे सुचवलं ते वजाबाकीचं गणित आहे, आणि कॅनडाचं यश बेरजेचं होतं.

माध्यमाबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगते, आणि हे मत आहे. निवड करायची वेळ पहिलीच्या आधी आली असती, तर मी निदान पाचवीपर्यंत मराठी माध्यम आणि सोबत खरंच इंग्रजी बोलणारा शिक्षक, असं म्हटलं असतं. महाराष्ट्रात मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी आहे, त्यामुळे मराठी माध्यम म्हणजे इंग्रजी नाही असं आता नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमात शक्य तिथवर मातृभाषा हेच माध्यम असावं असं आहे, आणि 2020 चं राष्ट्रीय धोरणही निदान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हणतं. पण मधल्या वर्षी मुलाला ओढून काढू नका. त्याला तिथे मित्र झाले असतील, तर ते माध्यमाइतकेच मोलाचे आहेत. इंग्रजी शाळेत ठेवायचं असेल तर एकच पथ्य: उद्या शाळेत जो विषय आहे तो आज घरात अहिराणीत किंवा मराठीत बोलून झालेला असू द्या. पावसाळा, झाडाचे भाग, वाहतूक, काहीही. कळलेली गोष्ट परक्या भाषेत ऐकली की फक्त शब्द शिकावे लागतात. न कळलेली गोष्ट परक्या भाषेत ऐकली तर पाठांतराशिवाय हातात काही राहत नाही.

‘लहानपणीच इंग्रजी पक्की व्हायला हवी, नंतर दार बंद होतं’ ही भीतीही काढून टाका. उच्चारात लवकर सुरुवातीचा फायदा आहे, हे खरं. जोशुआ हार्टशोर्न आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सुमारे 6 लाख 70 हजार लोकांच्या ऑनलाइन उत्तरांवरून अंदाज काढला, की व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण 17 वर्षांपर्यंत टिकून असते, आणि अगदी जन्मभाषकासारखी भाषा हवी असेल तर दहाच्या आत सुरुवात व्हावी. हा हिशोब मुख्यतः जिथे आजूबाजूला तीच भाषा वाहते तिथला आहे. आपल्याकडे इंग्रजी आठवड्यातून काही तास, तीही पुस्तकातून. अशा ठिकाणचं चित्र बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांनी तपासलं. आठव्या वर्षी आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांना सारखेच तास मिळाल्यावर अकराव्या वर्षी सुरू केलेली पुढे होती. मोठं मूल वर्गातून लवकर शिकतं, कारण त्याची पहिली भाषा आणि वाचन तोवर पक्कं झालेलं असतं. ती मुलं आधीच कातालान आणि स्पॅनिश बोलणारी होती, म्हणजे आपल्या मुलांसारखीच तिसरी भाषा शिकत होती.

मोबाइलवरच्या कार्टूनचं उत्तर छोटं आहे. पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. समोर माणूस बसून खेळत-बोलत होता त्या बाळांनी बारा भेटींत ते आवाज पकडले. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं तर बाळं काहीच शिकली नाहीत. मोठा मुलगा कार्टूनमधून चार शब्द उचलेल. दोन वर्षांच्या मुलीसाठी मात्र तो वेळ आजीच्या मांडीवरचा वेळ खातो.

घरात भाषा कशा वाटायच्या? आई एक भाषा, बाप दुसरी, ही पद्धत जुनी आहे, फ्रान्समध्ये झ्यूल रोंझा यांनी आपल्या मुलावरचं तसं निरीक्षण 1913 मध्ये छापलं होतं. पण ती काटेकोर पाळायची गरज नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात अनिक द हावर यांनी 1,899 घरांची माहिती घेतली. आईबापांनी कोण कोणती भाषा बोलतो याचे नियम केले की नाही, यापेक्षा कमी मान असलेली भाषा घरात किती ऐकू येते, यावर सगळं ठरत होतं. आणि दोन भाषा ऐकणाऱ्या घरांतली जवळपास चारांतलं एक मूल ती भाषा बोलत नव्हतं. म्हणजे तुमच्या घरात धोका मराठीला नाही, इंग्रजीलाही नाही. त्या दोघींना शाळा आहे, टीव्ही आहे, रस्ता आहे. अहिराणीला फक्त आजी आहे.

मिसळून बोलण्याचा धसका घेऊ नका. ‘आजी, मनी वॉटर बॅग कथी शे?’ असं तो म्हणाला तर तो गोंधळलेला नाही. अहिराणीच्या चौकटीत इंग्रजी नाव बरोबर जागी बसवणं हे दोन्ही येत असल्याशिवाय जमत नाही. मोठी माणसंही तेच करतात. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून त्यांची वाक्यरचना किती सारखी झाली, यावर गम्पर्झ आणि विल्सन यांचा 1971 चा लेख जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो.

मात्र नुसतं ‘जेवाले ये’, ‘झोप’, ‘पाणी लयी ये’ एवढ्यावर अहिराणी ठेवलीत तर बंधारा भरणार नाही. हुकूम आणि हाका यांच्या पलीकडे तिला न्या. भरीत करताना आजीला विचारू द्या: वांग्याला तेल का लावलं, टोचलं का, काड्यांवर भाजलं तर चव वेगळी का लागते. न टोचलेलं वांगं फुटतं, कारण आतल्या पाण्याची वाफ होते. हे वाक्य अहिराणीत कळलेलं मूल विज्ञानाच्या तासाला कोरं नसतं. कानबाईच्या सणातल्या रोटाची तयारी आधी काय, मग काय, हे त्याला सांगायला लावा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरची गाणी आजीकडून म्हणून घ्या. आजीची गोष्ट त्याने रात्री बाबांना मराठीत सांगायची. याला भाषांतर असं नाव देऊ नका, फक्त ‘बाबांना सांग’ म्हणा. आठवड्यातून एकदा ती गोष्ट तो सांगेल आणि तुम्ही त्याच्याच शब्दांत वहीत लिहाल. देवनागरीत अहिराणी आरामात लिहिता येते. स्वतःच बोललेलं वाक्य कागदावर उमटलेलं पाहिलं की वाचनाची गोडी लागते, हे मी शेकडो मुलांत पाहिलंय.

आता धाकटीचं, आणि हे मनावर घ्या. दोन-तीन भाषांमुळे बोलणं खूप उशिरा येतं असं नाही. फक्त शब्द मोजताना आपण चुकतो. मायामीत बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की द्विभाषिक बाळाचे एकाच भाषेतले शब्द मोजले तर कमी भरतात, दोन्हींतले मिळवले तर हिशोब बरोबरीने येतो. म्हणून एक आठवडा कागद लावून ठेवा आणि ती जे जे म्हणते ते सगळं लिहा. अहिराणी, मराठी, ‘बाय-बाय’, आजीसाठी तिने काढलेला तिचाच शब्द, सगळं धरा. दुसऱ्या वाढदिवसाला सगळ्या भाषा मिळून पन्नासच्या आत शब्द असतील आणि ‘आजी ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडणी होत नसेल, तर वाट बघत बसू नका. आधी कान तपासा. मागून हाक मारल्यावर वळते का, दुसऱ्या खोलीतला आवाज कळतो का हे घरी बघा, आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून गरज असेल तर बेरा ही ऐकण्याची तपासणी करून घ्या. मग वाचा-उपचार तज्ज्ञ. त्यांनी ‘एकच भाषा बोला’ असं सांगितलं तर नम्रपणे विचारा, की आजी जी भाषा बोलूच शकत नाही त्या भाषेत तिने काय बोलायचं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवरच्या अभ्यासांतही दुसऱ्या भाषेमुळे त्यांचं नुकसान झाल्याचं दिसलेलं नाही.

राहिल्या शाळेतल्या बाई. त्यांच्याशी भांडायला जाऊ नका. त्या पन्नास वह्या तपासतात आणि त्यांना कोणी हे शिकवलेलं नाही. वही घेऊन जा, ‘फया’ आणि ‘गाळ’ शेजारी-शेजारी दाखवा, आणि ‘य’-‘ळ’चा नियम त्यांना समजावून सांगा. त्या वर्गात अहिराणी घरची आणखी बरीच मुलं असणार, त्यांच्याही वह्यांत हेच सापडेल. लाल गोलाऐवजी ‘माळ-माय’ खेळ पाच मिनिटं वर्गात घ्याल का, असं विचारा. आणि जमलं तर एका शनिवारी आजीला अर्धा तास गोष्ट सांगायला बोलवा, असं सुचवा. बाईंना अहिराणी कळत नसेल तर तुमचा मुलगा शेजारी उभा राहून सांगेल.